आगमनकाळ घरात पाळताना: देवाची वाट पाहण्याचे चार आठवडे

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती घरांत कामांची यादी लांबत जाते. भिंतींना रंग, नवे कपडे, केकसाठी सुकामेवा, करंज्या, कुलकुल, पाहुण्यांची सोय. चर्चमध्ये जांभळी वस्त्रे दिसतात, वेदीपाशी दर रविवारी एक मेणबत्ती वाढत जाते, पण घरात नाताळ केव्हाच येऊन बसलेला असतो. मग वाट पाहायची ती कशाची? नाताळाआधीचा हा आगमनकाळ मुळात वाट पाहण्याचा काळ आहे, आणि वाट पाहणे हे शिकावे लागते. त्यासाठी रोजची पंधरा मिनिटे, एक परात, चार मेणबत्त्या आणि कागदाचा एक तुकडा पुरतो. पुढची सगळी माहिती २०२६ चा आगमनकाळ समोर ठेवून दिली आहे. इतर वर्षी तारखा बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी तारखा नीट लावून घ्या

आगमनकाळाचा पहिला रविवार म्हणजे संत आंद्रेयाच्या सणाला, ३० नोव्हेंबरला, सर्वांत जवळचा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. म्हणून हा काळ कधी २२ दिवसांचा असतो, कधी २८. चार रविवार नक्की असतात, चार पूर्ण आठवडे नसतात. २०२३ मध्ये चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी आली आणि चौथ्या आठवड्यासाठी ठेवलेले सगळे बेत अनेक घरांत कोलमडले. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे, पुढचे ६, १३ आणि २० डिसेंबरला. एकूण २६ दिवस मिळतात, त्यांतला चौथा आठवडा फक्त पाच दिवसांचा.

या काळाचे दोन भाग आहेत, आणि घरी बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेतली वाचने प्रभूच्या पुन्हा येण्याविषयी, जागे राहण्याविषयी, मार्ग तयार करण्याविषयी बोलतात. १७ पासून सूर बदलतो आणि बेथलेहेमकडे चाल सुरू होते. पहिल्या दिवसापासून बाळ येशूचीच गाणी लावली तर पहिला भाग हातचा जातो. संत बर्नार्ड यांनी बाराव्या शतकात तीन आगमने सांगितली: प्रभू देह धारण करून आला, शेवटी तो वैभवाने येईल, आणि या दोहोंच्या मधे तो रोज आपल्या अंतःकरणात येतो. घरातली रोजची प्रार्थना या मधल्या आगमनासाठी असते.

हा ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाचा धाकटा भाऊ नव्हे. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत गायिले जात नाही, पण ‘आलेलुया’चा जयघोष राहतो. म्हणजे सूर संयमाचा आहे, शोकाचा नाही. एके काळी उपास कडक असे. सन ५८१ मध्ये गॉल देशातील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, माकों येथील धर्मसभेने संत मार्टिनच्या सणापासून, ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत सोमवार, बुधवार व शुक्रवारी उपास ठरवला होता. आज लॅटिन, म्हणजे रोमन विधीच्या, परंपरेत या काळात उपासाचे बंधन नाही. केरळच्या सीरियन परंपरेतील कुटुंबे मात्र २५ दिवसांचा उपास धरतात, आणि मुंबई-पुण्यातही त्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना हे ठाऊक असते. एखादा पदार्थ सोडायचा असेल तर जरूर सोडा, पण त्यातून वाचलेले पैसे कुठे जाणार हे आधी ठरवा. त्याविषयी पुढे येईलच.

परात, वाळू, मेणबत्त्या

आगमनचक्राची, म्हणजे दर रविवारी एक मेणबत्ती जास्त पेटवण्याची, प्रथा जर्मनीतली. हाम्बुर्गमध्ये गरीब मुलांसाठी आश्रम चालवणारे योहान हिन्रिख विखर्न यांनी १८३९ मध्ये गाडीच्या चाकावर रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या, म्हणजे नाताळ किती लांब आहे हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. आपल्याकडे देवदार-पाइनच्या फांद्या मिळत नाहीत म्हणून प्लास्टिकची हिरवळ आणतात. तिची गरज नाही, आणि ज्योतीजवळ ती धोक्याचीच.

३५ ते ४० सेंटिमीटर रुंदीची पितळी किंवा स्टीलची परात घ्या. तिच्यात ४ सेंटिमीटर जाडीचा ओलसर वाळूचा थर द्या. वाळू मूठ वळेल इतकीच ओली असावी. पाणी वर साचले तर पाने दोन दिवसांत कुजतात. मेणबत्त्या तळापर्यंत रोवा आणि भोवती वाळू दाबून बसवा. कडेने आंब्याची किंवा अशोकाची पाने खोचा. ओल्या वाळूत ती आठवडाभर टिकतात. किनारपट्टीवर सुरूच्या झाडाच्या फांद्या सहज मिळतात आणि दिसायलाही सुरेख दिसतात, पण त्या चार-पाच दिवसांत सुकतात आणि सुकलेला सुरू भुरकन पेटतो. वापरायचाच असेल तर खाली गळून पडलेल्या ताज्या फांद्या घ्या आणि दर शनिवारी बदला. कोणतेही पान मेणबत्तीपासून ५ सेंटिमीटरच्या आत नको.

मेणबत्त्यांचा हिशेब आधीच करावा. रोज १५ मिनिटे धरली तर पहिली मेणबत्ती २६ दिवस, म्हणजे साडेसहा तास जळते. दुसरी पावणेपाच तास, तिसरी तीन तास, चौथी जेमतेम सव्वा तास. २ सेंटिमीटर जाडीची साधी मेणबत्ती तासाला साधारण अडीच सेंटिमीटर उतरते. म्हणजे पहिलीचे १६ सेंटिमीटर जाणार. २० सेंटिमीटरची मेणबत्ती घेतली आणि तिचा ४ सेंटिमीटर भाग वाळूत गेला, तर शेवटच्या दिवसांत ज्योत थेट पानांच्या पातळीवर येते. म्हणून २५ सेंटिमीटरची घ्या. उंची कमी-जास्त झाल्यावर ‘बरोबर दिसत नाही’ म्हणून नवी लावण्याचा मोह होतो, तो टाळा. सर्वांत जास्त दिवस जळलेली मेणबत्ती सर्वांत बुटकी दिसावी, हेच तर या चक्रात मुलांना दाखवायचे असते.

रंग तीन जांभळे आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारी पेटते. जांभळी मेणबत्ती गावच्या दुकानात मिळाली नाही तर पांढरीच्या तळाशी, वाळूला लागून, जांभळी फीत बांधा. वर बांधाल तर ती पेटेल. मेणबत्त्यांना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावे देण्याची पद्धत आहे. काही मंडळ्यांत संदेष्टे, बेथलेहेम, मेंढपाळ, देवदूत अशी नावे देतात. आपल्या चर्चमध्ये जी नावे असतील तीच घरी ठेवा, म्हणजे मुलांचा घोळ होत नाही.

पंखा बंद करा. वसई, मुंबई, गोवा, कुठेही डिसेंबरात पंखा चालूच असतो, आणि त्याच्या वाऱ्यात मेणबत्ती एका बाजूने वितळून दुप्पट वेगाने संपते. परात पडद्यापासून आणि टीव्हीवरच्या कापडी झालरीपासून दूर, चार जणांना भोवती बसता येईल अशा जागी ठेवा. जहाजाच्या केबिनमध्ये उघडी ज्योत चालत नाही. घरात कुणी आजारी माणूस ऑक्सिजनवर असेल तर त्या खोलीत काडीही ओढायची नाही. अशा ठिकाणी बॅटरीच्या मेणबत्त्या लावा. प्रार्थनेत त्याने काही उणे येत नाही.

वाट कशाची पाहतो, हे कागदावर लिहा

शनिवारी, २८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, प्रत्येकाने एक छोटा कागद घ्यावा. यात घाई करू नये. पुढचे २६ दिवस या कागदावर उभे राहतात.

पहिली ओळ: मी कशाची वाट पाहत आहे. ती एकाच वाक्यात आणि स्पष्ट असावी. ‘सगळे चांगले होऊ दे’ असे लिहिणारा दहाव्या दिवशी कंटाळतो, कारण त्याला नेमके काय मागितले हेच आठवत नाही. दुसरी ओळ: यातले माझ्या हातात काय आहे. तिसरी: माझ्या हातात काय नाही. समजा घरच्या जमिनीवरून भावाशी बोलणे तुटले आहे. पहिली ओळ होईल, ‘दादा पुन्हा घरी यावा, याची मी वाट पाहते.’ दुसरी, ‘त्या दिवशी सगळ्यांसमोर मी जे बोलले त्याची माफी मागणे, आणि नाताळाचे आमंत्रण स्वतः जाऊन देणे.’ तिसरी, ‘तो काय उत्तर देईल ते.’ दुसऱ्या ओळीतले काम तिसऱ्या रविवारच्या आत करायचे. तिसऱ्या ओळीतले रोज देवाच्या स्वाधीन करायचे. विश्वासाने वाट पाहणारे हात जोडतात तसे कामालाही लावतात. कुठे काय करायचे हे या दोन ओळी वेगळे करून देतात.

कागदावर तारीख घालू नका. ‘२४ तारखेपर्यंत नोकरी मिळू दे’ असे लिहिले की नाताळ हा देवाच्या परीक्षेचा दिवस होतो, आणि नोकरी मिळाली नाही तर ख्रिस्तजन्माचा आनंदही कडवट होतो. पौल रोमकरांस पत्रात, आठव्या अध्यायात, सांगतो की जे दिसत आहे त्याची आशा कोण धरील. जे दिसत नाही त्याची आपण धीराने वाट पाहतो. आशा वचन देणाऱ्यावर टेकलेली असते. वचन कसे आणि केव्हा पुरे होईल, हे तिला ठाऊक नसते.

घडी घालून कागद बायबलमध्ये स्तोत्र १३० च्या पानात ठेवा. दुसऱ्याचा कागद कुणी वाचू नये, आईनेही मुलांचा नाही. मुलांना हे आधी सांगितले की ती खरे लिहितात.

रोजची पंधरा मिनिटे

वेळ एकच ठरवा आणि ती घरातल्या सर्वांत उशिरा येणाऱ्या माणसाकडे बघून ठरवा. संध्याकाळच्या आंजेलसच्या, म्हणजे मरियेच्या प्रार्थनेच्या, घंटेनंतर बसायची जुनी पद्धत सुंदर आहे, पण ज्या घरातला माणूस विरार लोकलने नऊ वाजता पोहोचतो, तिथे ती चौथ्या दिवशी मोडते. अशा घरी जेवणाआधी सव्वानऊ ठीक. जपमाळ रोज होत असेल तर ती तशीच चालू द्या. हे तिच्या आधी करा, तिच्या जागी नको.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवून येणे, हे पहिले काम. परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉलवर असेल तर तेवढा एक फोन परातीसमोर उभा करून ठेवा. मग दिवे मालवून घरातल्या सर्वांत लहान व्यक्तीने, मोठ्याचा हात धरून, त्या आठवड्याच्या मेणबत्त्या पेटवाव्यात. एकाने शास्त्रपाठ सावकाश वाचावा. दहा-बारा ओव्यांना तीन मिनिटे लागली पाहिजेत. एका मिनिटात संपले तर वाचणारा घाईत आहे. त्यानंतर शांतता. लहान मुले असतील तर पहिल्या आठवड्यात एक मिनिट, दुसऱ्यात दोन, असे करत चौथ्यात चार मिनिटांपर्यंत जा. एकदम पाच मिनिटांनी सुरुवात केली की मुले चुळबुळतात, मोठे डोळे वटारतात आणि शांततेची शिक्षा होते.

शांततेनंतर प्रत्येकाने आपल्या कागदावरची गोष्ट मनात म्हणावी आणि सगळ्यांनी मिळून एवढेच म्हणावे: ‘ये, प्रभू येशू.’ प्रकटीकरणाच्या शेवटी असलेली ही बायबलमधली शेवटची प्रार्थना आहे. त्यात आपले शब्द घालून ती लांबवू नका. मग दोन मिनिटे इतरांसाठी: आजारी शेजारी, परीक्षेला बसलेला भाचा, समुद्रावर असलेले, युद्धात सापडलेले. एक कडवे गायचे आणि मेणबत्त्या विझवायच्या, फुंकून नव्हे, चमच्याने झाकून. फुंकले की पातळ मेण पानांवर उडते.

एखादा दिवस चुकला तर तो सोडून द्या आणि आज जो दिवस आहे तिथून पुढे चला. तीन दिवसांची वाचने एका बैठकीत ‘भरून काढण्याचा’ प्रयत्न झाला की दुसऱ्या दिवशी कुणी बसत नाही.

कोणता पाठ केव्हा

२०२६ च्या आगमनकाळापासून रविवारच्या वाचनांच्या तीन वर्षांच्या चक्रातले दुसरे वर्ष सुरू होते, म्हणजे वर्षभर मुख्यतः मार्कचे शुभवर्तमान. बायबल सोसायटीची प्रत असो वा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल, महिनाभर एकच भाषांतर वापरा. शब्द ओळखीचे झाले की ते दिवसभर सोबत राहतात.

पहिल्या आठवड्यात जागे राहणे. रविवारी मार्क १३:३३–३७: घरधनी परदेशी गेला आहे, द्वारपाळाला जागे राहायला सांगितले आहे, आणि तो संध्याकाळी, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी येईल हे ठाऊक नाही. पुढे रोज एक: स्तोत्र १३०, यशया ११:१–१०, हबक्कूक २:१–४, यशया २६:१–६, स्तोत्र १३, रोमकरांस ८:१८–२५. हबक्कूकचा पाठ दोनदा वाचावा असा आहे. संदेष्टा देवाकडे तक्रार करतो आणि मग बुरुजावर जाऊन उभा राहतो, उत्तर काय येते ते बघायला. तक्रार करून तो निघून जात नाही. विलंब वाटला तरी वाट पाहा, असे उत्तर त्याला तिथेच मिळते. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरचा सण येतो. जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी त्या दिवशीचा पाठ गाडीतच वाचावा.

दुसरा आठवडा योहान बाप्तिस्त्याचा, मार्क १:१–८ आणि यशया ४०:१–११. इथे वाचनापेक्षा कृती मोठी. लूक ३:१०–१४ मध्ये लोक योहानाला विचारतात, आम्ही काय करावे? त्याची उत्तरे अगदी रोखठोक आहेत: दोन अंगरखे असतील तर एक द्या, ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नका, कुणाला लुबाडू नका, पगारात समाधानी राहा. याच आठवड्यात घरकामाच्या बाईंचा बोनस, गवंड्याची राहिलेली मजुरी, दुकानदाराची उधारी चुकती करा. पापनिवेदनही याच आठवड्यात करा. चौथ्या आठवड्यात रांगा चर्चच्या दारापर्यंत येतात, फादर थकलेले असतात आणि प्रत्येकाला दोन मिनिटे मिळतात. ८ डिसेंबरला निष्कलंक मरियेचा सण याच दिवसांत येतो.

सोडलेल्या चहा-वड्याचे, बाहेरच्या खाण्याचे पैसे डब्यात साठवत असाल तर दिवसाला २० रुपये धरले तरी २० डिसेंबरपर्यंत २२ दिवसांचे ४४० होतात. चार जणांचे १,७६०. ते त्याच दिवशी द्या. २४ च्या रात्री दिलेल्या पैशांतून त्या घरात नाताळाचे जेवण शिजत नाही. धान्य, तेल, साखर, मुलांचे नवे कपडे अशी मदत करा आणि कुणाचा फोटो काढू नका.

तिसरा रविवार, १३ डिसेंबर. गुलाबी मेणबत्ती, यशया ६१, आणि पहिले थेस्सलनीकाकरांस ५:१६–२४. सर्वदा आनंदित असा, असे पौल छळ सोसणाऱ्या मंडळीला लिहितो. या आठवड्यात एकट्या राहणाऱ्या एका माणसाला भेटायला जा, आणि जाऊन किमान अर्धा तास बसा. करंजीची पिशवी दारात देऊन परत फिरणे ही भेट नव्हे.

चौथ्या आठवड्याचे वेगळे सांगतो. त्याआधी गवत.

गव्हाणीतले गवत

गव्हाणीत, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यात, हिरवे गवत असावे म्हणून नाचणी किंवा गहू पेरण्याची जुनी रीत आहे. ती पाळा, कारण वाट पाहणे म्हणजे काय हे मुलांना इतक्या स्वस्तात दुसरे काही शिकवत नाही. ३० × ४५ सेंटिमीटरच्या ट्रेला पाव किलो गहू लागतो. १४ डिसेंबरच्या रात्री भिजत घाला, १५ ला सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधा, १६ ला मोड दिसले की ३ सेंटिमीटर चाळलेल्या मातीवर दाटीने पसरा आणि वर मातीचा पातळ थर भुरभुरवा. दोन दिवस ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा, मग उजेडात आणा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, ओतू नका. ओतले की तिसऱ्या दिवशी दाण्यांवर पांढरी बुरशी येते आणि कुबट वास सुटतो. अंधारात जास्त दिवस राहिले तर कोंब पिवळट, लांबट होऊन आडवे पडतात. फार आधी, ५-६ डिसेंबरला पेरले तर नाताळापर्यंत पात्यांची टोके सुकतात. सगळे नीट झाले तर २४ ला दहा-बारा सेंटिमीटर हिरवेगार गवत तयार असते. मुले रोज माती उकरून बघायला जातात, त्यांना उकरू देऊ नका. शिंपडायचे पाणी मात्र त्यांच्याच हाती द्या.

गव्हाणीचा सांगाडा, डोंगर, मेंढपाळ हे सगळे आधी मांडायला हरकत नाही. बाळ येशूची मूर्ती मात्र २४ च्या रात्रीपर्यंत कपाटात. कुलकुल, करंज्या १७ नंतर करायला घ्या. त्याआधी डबे भरले की ते नाताळाआधी रिकामे होतात, हे प्रत्येक घराला माहीत आहे.

घाई झाली की काय होते

वाट पाहणे कसे मोडते याचे सर्वांत नेमके चित्र पहिल्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात आहे. शौल राजाला संदेष्टा शमुवेल याने आपण येईपर्यंत सात दिवस थांबायला सांगितले होते. समोर पलिष्ट्यांचे सैन्य, मागे पांगत चाललेले लोक. शौल सातही दिवस थांबला. शमुवेल आला नाही, तेव्हा त्याने स्वतःच होमार्पण केले. आणि ते आटोपते न आटोपते तोच शमुवेल आला. शौलाची कारणे ऐकली तर एकही कारण मूर्खपणाचे नाही. लोक खरेच पांगत होते, शत्रू खरेच जवळ होता. म्हणूनच हा अध्याय दुसऱ्या आठवड्यात घरात मोठ्याने वाचावा. आपणही आपली घाई अशाच पटणाऱ्या कारणांनी सजवतो.

अब्राहामाला देवाचे वचन मिळाले तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा १००. मधल्या २५ वर्षांत त्याने व सारेने दासी हागार हिच्यापासून मूल, इश्माएल, मिळवण्याचा मार्ग काढला. त्याची किंमत हागार आणि इश्माएल यांनी वाळवंटात मोजली. आपल्या घाईचा भार बहुधा घरातल्या दुबळ्या माणसावर पडतो, हे कागदाची दुसरी ओळ लिहिताना डोळ्यांपुढे असावे. मुलीचे लग्न, जमिनीचा व्यवहार, एजंटाला दिलेले व्हिसाचे पैसे, असे निर्णय या दिवसांत ‘एकदाचे उरकून टाकू’ म्हणून घेऊ नका.

दुसरा मार्ग सौद्याचा. नवस बोलणे हा भक्तीचा एक जुना मार्ग आहे आणि कृतज्ञतेने फेडलेल्या नवसाला मान आहे. पण ‘हे दिलेस तरच मी ते करीन’ या भाषेत वाट पाहणे संपते आणि वसुली सुरू होते. ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, तीन दिवसांत चमत्कार होईल’ असले व्हॉट्सॲपवरचे निरोप तर पुढे पाठवूच नका. घाबरलेल्या माणसाच्या मनात ते विश्वासाऐवजी भीती भरतात.

घरात दुःख असेल तर

ज्या घरातले माणूस याच वर्षी गेले आहे, त्या घरात नाताळाची वाट पाहणे जड जाते. तिथे चारही मेणबत्त्या लावा, पण गाणे सक्तीचे करू नका. स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही येत नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवापुढे रडणे हा अविश्वास नव्हे. अशा घरी भेटायला जाणाऱ्यांनी ‘देवाची इच्छा’ हे शब्द उच्चारू नयेत. जेवणाचा डबा घेऊन जावे आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे. मध्यरात्रीच्या मिस्सेची गर्दी सोसवत नसेल तर २५ च्या सकाळची मिस्सा आहेच.

मूल होण्याची वाट पाहणाऱ्या जोडप्याला म्हातारपणी योहानाला जन्म देणाऱ्या अलीशिबेची गोष्ट ‘बघा, शेवटी झालेच’ अशा सुरात ऐकवू नका. ती आणि तिचा नवरा जखऱ्या देवाच्या दृष्टीने नीतिमान होते आणि तरीही वृद्ध होईपर्यंत निपुत्रिक होते, हे लूक सुरुवातीलाच सांगतो. रिकाम्या कुशीचा दोष त्याने कुणावर टाकलेला नाही. आणि घरातले कुणी दोन आठवड्यांहून जास्त झोपत नसेल, जेवत नसेल, जगणे नको म्हणत असेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरकडेही न्या, त्याच आठवड्यात.

१७ ते २४ डिसेंबर

आता वाचने आपोआप एका रांगेत येतात. १७ ला मत्तयच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ. कंटाळवाणी म्हणून ती गाळू नका. तामार, राहाब, रूथ ही नावे आली की मुलांना त्यांच्या गोष्टी सांगा. १८ ला योसेफाचे स्वप्न. १९ पासून लूकचा पहिला अध्याय क्रमाने: जखऱ्याला दर्शन, २० ला मरियेला निरोप, २१ ला तिची अलीशिबेशी भेट, २२ ला मरियेचे स्तोत्र, २३ ला योहानाचा जन्म, २४ च्या सकाळी जखऱ्याचे स्तोत्र. जखऱ्या नऊ महिने मुका होता आणि बोलता आले तेव्हा त्याच्या तोंडून आधी स्तुती निघाली. हे आठवड्याभरात सलग वाचले तरच जाणवते.

या संध्याकाळी चर्च ख्रिस्ताला सात जुन्या नावांनी हाक मारते: १७ ला ज्ञान, मग प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा आणि २३ ला इम्मानुएल. मेणबत्ती पेटवताना त्या दिवसाचे नाव घेऊन ‘ये’ म्हणा. २१ डिसेंबर हा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांपैकी एक, आणि उगवत्या सूर्याची हाक त्याच दिवशी येते. गोव्यात आणि वसईत ज्यांच्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची प्रत आहे, त्यांनी या दिवसांत पहिल्या पुराणातल्या काही ओव्या चालीवर म्हणाव्यात. १६१६ मध्ये रायतूरला छापलेल्या या मराठी काव्याचा पहिला भाग जुन्या करारातला, म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांचा आहे.

२४ ला दुपारनंतर खरेदीला बाहेर पडू नका. गवताचा ट्रे गव्हाणीत ठेवा, परातीतली पाने शेवटची बदला. संध्याकाळी चारही मेणबत्त्या एकदाच लावून कागद उघडा. दुसऱ्या ओळीतले काम झाले का ते बघा. राहिले असेल तर मिस्सेला जाण्याआधी तो फोन करा. मिस्सेहून परतल्यावर घरातल्या सर्वांत लहान हाताने बाळ येशूला गव्हाणीत ठेवावे.

पहिल्या ओळीतले झाले नसेल तर कागद फाडू नका. गव्हाण १० जानेवारीपर्यंत, प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत, राहील. कागद बायबलमध्ये स्तोत्र १३० वरून काढून लूकच्या दुसऱ्या अध्यायात ठेवा आणि २ फेब्रुवारीला, मंगळवारी, बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याच्या सणाच्या दिवशी लूक २:२२–३८ वाचताना तो पुन्हा उघडा. त्या पाठात तारणाऱ्याची वाट पाहणारा म्हातारा शिमोन आहे आणि ८४ वर्षांची हन्ना आहे. त्या दिवशी कागदावर चौथी ओळ लिहा: या दोन महिन्यांत माझ्यात काय बदलले.